पोस्टात खातं आहे, मग पोस्टातून कर्ज का मिळत नाही? त्र्यंबकेश्वरच्या खिडकीवरून समजून घेऊ

त्र्यंबकेश्वरला लोक येतात ते ज्योतिर्लिंगाच्या दर्शनाला, कुशावर्तात स्नान करायला, ब्रह्मगिरी चढायला. नाशिकपासून तीसेक किलोमीटरवरचं हे गाव तालुक्याचं ठिकाणही आहे. पश्चिमेला हरसूलच्या दिशेनं निघालात की यात्रेकरूंची गर्दी मागे पडते आणि आदिवासी पाडे सुरू होतात. भात, नागली, वरई ही इथली पिकं. पावसाळा संपला की अनेक कुटुंबं दिंडोरी आणि निफाडच्या द्राक्षबागांमध्ये मजुरीला जातात.

अशा भागात बँकेची शाखा लांब असते, पण टपाल कार्यालय किंवा डाकसेवक त्या मानानं जवळ असतो. म्हणून पहिलं खातं बऱ्याचदा पोस्टातच निघतं. पैसे भरता येतात, काढता येतात, व्याजही मिळतं. पण बियाण्याला, दवाखान्याला किंवा शेळ्या घ्यायला वीस हजार हवे असतील, तर पोस्टाच्या खिडकीवर ते मागता येत नाहीत.

असं का? पोस्ट ही बँक आहे की नाही? आणि जगात काही ठिकाणी सरकारी बचत बँकांच्या पूर्ण बँका झाल्या, तसं भारतात का झालं नाही?

थोडक्यात उत्तर

- पोस्टाच्या एकाच खिडकीवर दोन वेगळ्या गोष्टी चालतात. एक, टपाल कार्यालय बचत बँक. दुसरी, इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक, म्हणजे आयपीपीबी.
- पहिली सरकारसाठी बचत गोळा करते. तिला बँकिंगचा परवाना लागत नाही.
- दुसरीकडे रिझर्व्ह बँकेचा परवाना आहे, पण त्याच परवान्यात कर्ज द्यायला मनाई आहे.
- पूर्ण बँक होण्यासाठी टपाल खात्यानं अर्ज केला होता. २०१४ मध्ये तो परवाना मिळाला नाही.

आता एकेक गोष्ट नीट पाहू.

सुरुवात कधी झाली?

भारतातल्या सरकारी बचत बँकेची गोष्ट पोस्टाच्याही आधी सुरू होते. इंग्रजांच्या काळात १८३० च्या दशकात कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन इलाख्यांच्या राजधान्यांमध्ये सरकारी बचत बँका निघाल्या. मुंबईची बँक १८३५ ची. छोट्या पगाराच्या लोकांनी चार पैसे सुरक्षित ठेवावेत, हा त्यामागचा उद्देश.

१८६० च्या दशकात या बँकांचा कारभार इलाखा बँकांकडे दिला गेला. मुंबईत ती होती बँक ऑफ बॉम्बे. ही व्यापारी बँक होती, म्हणजे ठेवी घेणारी आणि कर्जंही देणारी. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईत कापसाची तेजी आली, तिच्या जोरावर सट्टा वाढला आणि युद्ध संपताच सगळं कोसळलं. त्यात बँक ऑफ बॉम्बेही बुडाली आणि १८६८ मध्ये त्याच नावानं नवी बँक उभी करावी लागली.

१८७० पासून जिल्ह्यांच्या सरकारी खजिन्यांमध्येही बचत बँका सुरू झाल्या. १८७३ मध्ये सरकारी बचत बँकांचा कायदा आला. आणि १ एप्रिल १८८२ ला टपाल कार्यालय बचत बँक सुरू झाली. १८८६ मध्ये जिल्हा खजिन्यांमधली खाती पोस्टाकडे आली, १८९६ मध्ये इलाखा शहरांतली बचत बँकही पोस्टाकडे गेली.

म्हणजे इतर काही देशांमध्ये बचत बँकेची पुढे व्यापारी बँक झाली. आपल्याकडे प्रवास उलटा झाला. सरकारी बचत काही काळ व्यापारी बँकेच्या हातात होती, ती तिथून काढून पोस्टात आणली गेली. बँक ऑफ बॉम्बे पुढे १९२१ मध्ये इम्पीरियल बँकेत विलीन झाली आणि १९५५ मध्ये इम्पीरियल बँकेची स्टेट बँक ऑफ इंडिया झाली. पोस्टाची बचत बँक मात्र बचत बँकच राहिली.

१८७३ चा तो कायदाही आज जिवंत आहे. २०१८ मध्ये त्यात बदल करून त्याला 'सरकारी बचत प्रोत्साहन कायदा' असं नाव देण्यात आलं.

पोस्टात भरलेला पैसा जातो कुठे?

कर्ज का मिळत नाही, याचं खरं उत्तर इथे आहे.

बँकेत तुम्ही शंभर रुपये ठेवले, तर बँक त्यातला काही भाग राखून ठेवते आणि उरलेल्यातून दुसऱ्याला कर्ज देते. कर्जावर जास्त व्याज घेते, तुम्हाला कमी देते. मधल्या फरकावर बँक चालते.

पोस्टाच्या बचत बँकेत असं होत नाही. तुमचे शंभर रुपये पोस्टाचे होत नाहीत, ते केंद्र सरकारकडे जातात. पोस्ट फक्त सरकारच्या वतीनं पैसे घेतं आणि देतं. या कामासाठी अर्थ मंत्रालय टपाल खात्याला मोबदला देतं. पोस्टाच्या योजनांचे व्याजदरही पोस्ट ठरवत नाही. ते अर्थ मंत्रालय दर तीन महिन्यांनी जाहीर करतं.

१ एप्रिल १९९९ पासून हा सगळा पैसा 'राष्ट्रीय अल्पबचत निधी' नावाच्या निधीत जमा होतो. आधी राज्यात गोळा झालेल्या बचतीचा मोठा वाटा त्या त्या राज्य सरकारला कर्ज म्हणून मिळायचा. १ एप्रिल २०१६ पासून बहुतेक राज्यं या व्यवस्थेतून बाहेर पडली. अरुणाचल प्रदेश, दिल्ली, केरळ आणि मध्य प्रदेश तेवढे आत राहिले. महाराष्ट्र बाहेर पडला.

त्यामुळे आज त्र्यंबकेश्वरच्या पोस्टात कुणी दरमहा पाचशे रुपयांची आरडी भरत असेल, तर तो पैसा शेवटी मुख्यतः केंद्र सरकारला लागणाऱ्या उसनवारीत जातो. त्यात वाईट काही नाही. त्यातूनच सरकारचा खर्च भागतो आणि तुमच्या पैशाला सरकारची पूर्ण हमी मिळते. पण तुमच्याच पाड्यावरच्या दुसऱ्या माणसाला तो कर्ज म्हणून मिळावा, अशी सोय या व्यवस्थेत नाही.

या बचतीचा नाशिकशी आणखी एक संबंध आहे. नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये १९२६ पासून टपाल तिकिटं छापली जातात. राष्ट्रीय बचत प्रमाणपत्रंही तिथेच छापली जायची. घरोघरी कपाटात जपून ठेवलेले ते कागद आठवत असतील. जुलै २०१६ पासून छापील प्रमाणपत्रं बंद झाली. आता नोंद पासबुकात किंवा संगणकावर असते.

पण पोस्ट आरडीवर कर्ज देतं ना?

देतं. पण हिशोब बघा.

समजा, हरसूलकडच्या एका पाड्यावरची बाई पोस्टात दरमहा ५०० रुपयांची पाच वर्षांची आरडी भरते. ६.७ टक्के व्याजानं पाच वर्षांत ती ३०,००० रुपये भरेल आणि तिला सुमारे ३५,६८० रुपये मिळतील. बचत म्हणून हे चांगलंच आहे.

आता वर्षभरानं तिला अचानक पैशांची गरज पडली. नियम असा की बारा हप्ते भरल्यावर आरडीत जमा असलेल्या रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळतं. तिनं भरलेत ६,००० रुपये. म्हणजे कर्ज मिळणार साधारण ३,००० रुपये. त्यावर आरडीच्या दरापेक्षा दोन टक्के जास्त व्याज.

थोडक्यात, हे तिचेच पैसे तिला उसने मिळतात. पीपीएफवरच्या कर्जाचंही तसंच आहे. बचत प्रमाणपत्र तारण ठेवून कर्ज घेता येतं, पण ते कर्ज देते बँक. ज्याच्याकडे आधीच बचत आहे त्यालाच, आणि बचतीपेक्षा कमीच, असा हा सगळा व्यवहार आहे.

मग उरलेले १७,००० ती कुठून आणणार? बँकेत गेली तर कागदपत्रं आणि कर्जाचा इतिहास विचारतात. बचत गट असेल तर तिथून काही मिळतं. छोटी कर्जं देणाऱ्या खासगी कंपन्या दारापर्यंत येतात, पण त्यांचं व्याज जास्त असतं. नाहीतर सावकार, किंवा पुढच्या हंगामाच्या मजुरीवर मुकादमाकडून उचल. पोस्टात पाच वर्षं न चुकता हप्ते भरल्याचा तिचा जो इतिहास आहे, तो यातल्या कुणाच्याच हिशोबात येत नाही.

मग पोस्टानं बँक व्हायचा प्रयत्न केला नाही का?

केला. रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्ये नव्या बँकांसाठी अर्ज मागवले, तेव्हा मोठ्या उद्योगसमूहांच्या रांगेत टपाल खातंही होतं. अर्ज तपासायला बिमल जालान यांच्या अध्यक्षतेखाली समिती होती. २ एप्रिल २०१४ ला निकाल लागला. आयडीएफसी आणि बंधन या दोघांनाच तत्त्वतः मंजुरी मिळाली. टपाल खात्याच्या अर्जाचा विचार केंद्र सरकारशी बोलून स्वतंत्रपणे करावा, असं ठरलं.

त्याच वर्षी टी. एस. आर. सुब्रमण्यन यांच्या नेतृत्वाखालच्या कृतिदलानं डिसेंबरमध्ये अहवाल दिला. पोस्टाचं जाळं वापरून स्वतंत्र पोस्ट बँक काढावी, अशी त्यात शिफारस होती.

प्रत्यक्षात वाट निघाली ती वेगळी. नोव्हेंबर २०१४ मध्ये रिझर्व्ह बँकेनं 'पेमेंट्स बँक' हा नवा प्रकार आणला. ऑगस्ट २०१५ मध्ये ११ अर्जदारांना तत्त्वतः मंजुरी मिळाली, त्यात टपाल खातं होतं. २०१६ मध्ये आयपीपीबी ही कंपनी स्थापन झाली. जानेवारी २०१७ मध्ये रांची आणि रायपूरला प्रायोगिक सुरुवात झाली आणि १ सप्टेंबर २०१८ ला देशभरात उद्घाटन झालं. तिची सगळी मालकी केंद्र सरकारकडे आहे.

आयपीपीबी काय करू शकते, काय नाही?

करू शकते:

- बचत आणि चालू खातं उघडणं
- पैसे पाठवणं, यूपीआय, बिलं भरणं
- सरकारी अनुदान थेट खात्यात घेणं
- डाकसेवकाकडच्या यंत्रावर बोटाचा ठसा देऊन, कोणत्याही बँकेच्या आधार जोडलेल्या खात्यातून पैसे काढून देणं
- दुसऱ्या कंपन्यांचा विमा विकणं

करू शकत नाही:

- कर्ज देणं
- क्रेडिट कार्ड देणं
- मुदत ठेव किंवा आरडी घेणं
- एका खात्यात दिवसअखेर दोन लाखांपेक्षा जास्त रक्कम ठेवणं (एप्रिल २०२१ पर्यंत ही मर्यादा एक लाख होती)

ठेवींमधला किमान ७५ टक्के पैसा तिला सरकारी रोख्यांमध्ये गुंतवावा लागतो. उरलेला दुसऱ्या बँकांमध्ये ठेवता येतो. म्हणजे नावात 'बँक' आली, पण बँकेचं निम्मं काम परवान्यातच वगळलेलं आहे.

२०२१ मध्ये आयपीपीबीनं एलआयसी हाउसिंग फायनान्सबरोबर गृहकर्जासाठी करार केला. पण यात कर्ज देते दुसरी कंपनी आणि पोस्ट ग्राहक आणून देतं. शिवाय गृहकर्ज कुणाला मिळतं? ज्याच्याकडे पगाराची पावती आणि जमिनीचे स्वच्छ कागद आहेत, त्याला. पाड्यावरच्या वीस हजारांच्या गरजेला त्याचा उपयोग नाही.

दुसऱ्या देशांत काय झालं?

इंडोनेशियात डच राजवटीत, १८९७ मध्ये पोस्टाची बचत बँक निघाली. स्वातंत्र्यानंतर १९६३ मध्ये तिचं नाव बँक ताबुंगान नगारा झालं, म्हणजे राष्ट्रीय बचत बँक. १९७४ मध्ये सरकारनं तिच्यावर सामान्य लोकांना घरकर्ज देण्याची जबाबदारी टाकली आणि पुढे ती पूर्ण व्यापारी बँक झाली. तिथे घरकर्ज म्हटलं की आजही हीच बँक आठवते.

चीनमध्ये २००७ मध्ये टपाल बचतीची स्वतंत्र बँक झाली. ती खेडोपाडी छोटी कर्जं देऊ लागली. २०१६ मध्ये ती हाँगकाँगच्या शेअर बाजारात उतरली. तिची सुमारे ४० हजार केंद्रं आहेत आणि त्यातली बहुतेक टपाल खातंच चालवतं. पोस्टाची खिडकी तीच ठेवून मागे पूर्ण बँक उभी करता येते, याचं हे मोठं उदाहरण.

जपानची गोष्ट मात्र सावध करणारी आहे. तिथेही लोकांची टपाल बचत कित्येक दशकं सरकारच्या योजनांकडेच जायची. २००५ ची निवडणूक पंतप्रधान कोइझुमी यांनी टपाल खात्याच्या खासगीकरणाच्या मुद्द्यावर लढवली. २००७ मध्ये जपान पोस्ट बँक वेगळी झाली, २०१५ मध्ये शेअर बाजारात आली. पण अजूनही तिचा बराचसा पैसा कर्जांऐवजी रोख्यांमध्येच असतो. परवाना मिळाला म्हणून कर्ज द्यायची सवय लागतेच असं नाही.

मग आपल्याकडे अडतं कुठे?

तीन ठिकाणी.

पहिलं, सरकारला हा पैसा लागतो. पोस्टाच्या ठेवी उद्या पोस्ट बँकेकडे वळल्या, तर केंद्राला तेवढं कर्ज बाजारातून घ्यावं लागेल.

दुसरं, ठेवीदाराची हमी. पोस्टातला पैसा सरकारकडे असल्यामुळे रक्कम कितीही असो, त्याला सरकारची हमी असते. बँकेत हमी असते ती ठेव विम्याची, पाच लाखांपर्यंत. लोक पोस्टावर डोळे झाकून विश्वास ठेवतात तो याच कारणानं. पोस्टानं कर्जं वाटली आणि ती थकली, तर त्या विश्वासाला धक्का बसेल. बँक ऑफ बॉम्बेचं काय झालं ते वर आलंच आहे.

तिसरं, कर्ज देणं हे वेगळं कौशल्य आहे. कुणाला किती द्यायचं, हप्ता कसा बसवायचा, थकला तर काय करायचं, हे काम टपाल कर्मचाऱ्यांनी कधी केलेलं नाही. शिवाय कर्जमाफीच्या घोषणा आणि स्थानिक दबाव यांनी सरकारी आणि सहकारी बँकांना किती त्रास दिला, हे महाराष्ट्रात वेगळं सांगायला नको.

तरीही वाट पूर्ण बंद नाही. डिसेंबर २०१९ च्या नियमांनुसार पाच वर्षं काम केलेली पेमेंट्स बँक 'स्मॉल फायनान्स बँक' होण्यासाठी अर्ज करू शकते. या प्रकारच्या बँकेला कर्ज देता येतं आणि छोट्या कर्जांवर भर द्यावाच लागतो. तिथून पुढे पूर्ण बँक होण्याचीही सोय आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये एयू स्मॉल फायनान्स बँकेला तशी तत्त्वतः मंजुरी मिळाली. सप्टेंबर २०२३ मध्येच आयपीपीबीला देशभर सुरू होऊन पाच वर्षं झाली. म्हणजे आता प्रश्न नियमाचा कमी आणि सरकारच्या इच्छेचा जास्त आहे.

तोपर्यंत खातेदारानं काय लक्षात ठेवावं?

- खातं कोणतं ते विचारा. पोस्टात खातं काढताना ते बचत बँकेचं आहे की आयपीपीबीचं, हे स्पष्ट विचारा. आरडी, सुकन्या समृद्धी, मासिक प्राप्ती योजना ही पहिल्याची कामं. यूपीआय आणि बोटाच्या ठशावर पैसे ही दुसऱ्याची.
- अनुदान 'गायब' झालं तर घाबरू नका. पीएम किसान किंवा लाडकी बहीण यांसारख्या योजनांचे पैसे आधारवर येतात तेव्हा ते, अनुदानासाठी शेवटी ज्या खात्याला आधार जोडलं, त्या खात्यात जातात. नवं खातं उघडलं असेल तर आधी तिथे पाहा.
- दोन्ही खाती जोडता येतात. आयपीपीबीत दोन लाखांच्या वर रक्कम गेली, तर जादा पैसे जोडलेल्या बचत खात्यात आपोआप वळतात.
- किमान ५०० रुपये ठेवा. पोस्टाच्या साध्या बचत खात्यात ३१ मार्चला त्यापेक्षा कमी असतील तर ५० रुपये कापले जातात. सलग तीन आर्थिक वर्षं व्यवहार नसेल तर खातं निष्क्रिय होतं.
- मोठी रक्कम हवी असेल तर आधी सांगा. गावातल्या शाखा डाकघरातून एका खात्यातून दिवसाला २०,००० रुपयांपर्यंतच काढता येतात.
- पासबुक भरून घ्या. पैसे दिले की नोंद आणि तारखेचा शिक्का लगेच घ्या. 'नंतर भरतो' यावर जाऊ नका.

शेवटी मुद्दा काय?

देशात सुमारे १ लाख ६५ हजार टपाल कार्यालयं आहेत आणि त्यातली बहुतेक ग्रामीण भागात. गरिबाची बचत गोळा करण्यात या जाळ्याची बरोबरी क्वचितच कुणाला करता येईल. पण गरिबाला बचतीइतकीच वेळेवर मिळणाऱ्या उसनवारीचीही गरज असते, आणि ती पोस्टाच्या खिडकीवर १८८२ पासून आजपर्यंत मिळालेली नाही.

पोस्टाची पूर्ण बँक करायची का, यावर मतभेद असू शकतात. कर्जबुडवेगिरीची भीती खोटी नाही आणि सरकारी हमी गमावणंही परवडणारं नाही. पण त्या आधी करता येण्यासारखं एक काम आहे. पाच वर्षं न चुकता हप्ता भरणाऱ्या माणसाचं पासबुक हा त्याच्या पतीचा पुरावा मानायचा, आणि ज्या बँका कर्ज देऊ शकतात त्यांनी तो मान्य करायचा. हरसूलकडच्या त्या बाईला पोस्टाची बँक झाली की नाही याच्याशी फार देणंघेणं नसेल. जूनमध्ये, पेरणीच्या आधी, वीस हजार रुपये रास्त व्याजानं मिळतात का, एवढाच तिचा प्रश्न आहे.